नवं मशीन, अकरा सेंटीमीटर पाणी

जानेवारीत एका रात्री माझ्या सीपॅप मशीनचं, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राचं, बटण दाबलं आणि पडद्यावर एक ओळ आली: मोटरचं ठरलेलं आयुष्य संपलं आहे. मशीन नेहमीसारखं सुरू झालं, सकाळपर्यंत चाललंही. मी मात्र बराच वेळ जागा होतो. ऑक्टोबर २०१६ पासून ते माझ्या उशाशी आहे. तासांचा आकडा पाहिला, तो २१,००० च्या पुढे गेला होता. एवढे तास मी त्याच्या भरवशावर श्वास घेतला होता.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी चढायला लागलं तेव्हा हिने देवघरातले देव उचलले आणि मी मशीन उचललं. दोन्ही माळ्यावर एकाच पाटावर ठेवले. पुढे वीज नव्हती तेवढ्या रात्री मी खुर्चीत बसून झोपलो, कारण आडवं झालं की घसा मिटतो. ही समोर भिंतीला टेकून जागी. माझा श्वास थांबला की गुडघा हलवायची.

या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांत ते इतके सैल पडतात की जीभ आणि टाळूचा मागचा भाग मिळून वाट बंद होते. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, शेवटी मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, मोठा घुरका येतो आणि वाट उघडते. सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. पुण्याला अंगभर तारा चिकटवून स्लीप स्टडी केली तेव्हा माझं हे तासाला ४७ वेळा होत होतं आणि ऑक्सिजन ७२ टक्क्यांपर्यंत खाली जात होता. तासाला ३० च्या वर गेलं की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात.

त्याआधीची दोन-तीन वर्षं मी वयाला दोष देत होतो. सकाळी डोकं जड. वार्षिक परीक्षेत पर्यवेक्षणाला उभा असताना फळ्याला टेकून डोळा लागला होता. रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचो, ते प्रोस्टेटचं असेल असं समजून चाललो होतो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की बंद घशातून श्वास ओढताना हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो, त्यातून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकतात. मशीन लावल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते उठणं बंद झालं. पण मला दवाखान्यापर्यंत नेलं ते परशुराम घाटाने. लोट्याहून मोटारसायकलने घरी येत होतो, दुपारी चारची वेळ, आणि एका वळणावर ट्रकच्या हॉर्नने मला जाग आली. जाग आली हाच शब्द बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी मी गाडीची किल्ली हिच्याकडे दिली.

मी शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून दाबाचं एकक ऐकून मला बरं वाटलं होतं. सीपॅपचा दाब सेंटीमीटर पाण्यात मोजतात. आम्ही प्रयोगशाळेत यू आकाराच्या नळीत रंगीत पाणी घालून एका बाजूने फुंकायला लावायचो, दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जितका फरक पडेल तितका दाब. माझा दाब ११ ठरला होता, म्हणजे अकरा सेंटीमीटर उंच पाण्याच्या तळाशी असतो तेवढा. एक मोठा पेला भरून ठेवा, त्याच्या तळाशी जेवढा भार असेल तेवढाच. तेवढ्या हवेच्या दाबाने घसा आतून उघडा राहतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा हा उपाय प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करणं. मी हे वाचलं त्या दिवसापासून मास्कच्या पट्ट्यांबद्दल तक्रार करणं सोडून दिलं.

पडद्यावरच्या त्या ओळीनंतर नवं मशीन घेतलं. इतक्या वर्षांची सवय असल्यामुळे मला वाटलं होतं, नवं मशीन म्हणजे नवा चष्मा. डोळ्यावर चढवायचा आणि चालू पडायचं. तसं झालं नाही.

जुनं मशीन एकाच दाबाचं होतं. नवं ऑटो आहे, गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करणारं. विक्रेत्याचा मुलगा आला, प्लग लावला, मास्क दिला, सही घेतली आणि गेला. दाबाची मर्यादा कारखान्यातून येते तशीच होती, ४ ते २०. पहिल्या रात्री मास्क चढवला आणि दोन मिनिटांत तोंडावर कुणी उशी धरल्यासारखं वाटायला लागलं. हवा पुरेना. मशीन बंद आहे की काय म्हणून हात लावून पाहिला, चालू होतं. दीडच्या सुमाराला मास्क काढून ठेवला. दुसऱ्या रात्री झोप लागली, पण सकाळी मास्क जमिनीवर. मी झोपेतच ओढून काढला होता. तिसऱ्या रात्री दाब कधीतरी १६ पर्यंत गेला, मास्कच्या कडेतून हवा शिट्टीसारखी सुटू लागली आणि पोटात इतकी हवा गेली की पहाटे उठून ओट्याला धरून उभा राहिलो. सकाळी डोकं पुन्हा २०१६ सारखं जड. आठ वर्षांनी ते जडपण परत भेटलं तेव्हा खरोखर भीती वाटली.

या मशीनमध्ये सिमकार्ड असतं. रात्रीचा हिशोब परस्पर वर जातो आणि पुण्याला मुलीच्या मोबाइलवर दिसतो. चौथ्या दिवशी सकाळी तिचा फोन. "बाबा, काल दोनच तास लावलंत?"

"अगं, सवय होत नाहीये."

"आठ वर्षांनी सवय होत नाही असं कसं होईल? सवयीचं नाहीये हे. डॉक्टरांना विचारू."

तिने विचारलं म्हणून हा लेख लिहायला मी शांतपणे बसलो आहे.

डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला आणि मला समजावून सांगितलं. मास्कला पुढे बारीक छिद्रं असतात, आपण सोडलेली हवा त्यातून निघून जाते. दाब ४ असला की त्या छिद्रांतून वाहणारी हवा कमी, म्हणून कोंडल्यासारखं होतं. आणि ज्याला ११ ची सवय आहे त्याला तर फारच. दुसरं, ऑटो मशीन दाब वाढवतं ते घसा मिटायला लागल्यावर. म्हणजे आधी माझा श्वास अडणार, मग मशीनला कळणार, मग ते वर चढणार, तोवर मी अर्धवट जागा. तिसरं, वरची मर्यादा २० ठेवल्यामुळे मास्क गळायला लागला की सगळाच घोळ वाढत जायचा. रात्रीच्या ९५ टक्के वेळ माझा दाब ११.४ च्या आतच होता. त्यांनी पुण्यात बसल्या जागी किमान ९ आणि कमाल १४ केला, सुरुवातीला दाब हळूहळू चढवण्याची सोय बंद केली आणि श्वास सोडताना दाब दोन सेंटीमीटरने उतरेल असं केलं. त्या रात्री मी पावणेसात तास झोपलो. मधे जाग नाही. नव्या मशीनवर तासाला ९ वेळा अडणारा श्वास दोनच्या खाली आला.

मी काहीही सोसलं नव्हतं, मन घट्ट केलं नव्हतं, प्राणायाम केला नव्हता. चार आकडे बदलले होते.

(हे आकडे माझे आहेत. कुणी आपल्या मशीनवर परस्पर घालू नयेत. रिपोर्ट पाहूनच ते ठरतात.)

मास्कचं मात्र मला स्वतःलाच शोधावं लागलं. विक्रेत्याने दिलेला नाकावरचा मास्क एक माप मोठा होता, म्हणून मी पट्ट्या आवळत गेलो आणि नाकाच्या दांडीवर चट्टा पडला. बदलून मागितला. आता बसून मास्क लावत नाही. आडवा होतो, मशीन सुरू करतो, हवेने त्याची मऊ कड फुगू देतो आणि मग पट्टी जेमतेम ओढतो. बसल्यावरचा चेहरा आणि पडल्यावरचा चेहरा वेगळा असतो, गाल मागे सरकतात. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती.

मग पाण्याचा त्रास. हवा ओली करायला मशीनला पाण्याची टाकी आहे. जानेवारीच्या थंडीत डोक्यावर पंखा, त्यात गार पडलेली नळी, की आतली वाफ थंड होऊन पाणी धरतं. पहाटे नाकात टपकन थेंब आला की दचकून जाग. हिने तिचं एक जुनं सुती लुगडं फाडून नळीला अस्तर शिवलं, आत गोधडीसारखा एक थर. थेंब थांबले. जांभळ्या काठाची नळी आता उशाशी पडलेली असते. पाणी डिस्टिल्डच वापरतो, मेडिकलवाल्याला सांगून ठेवलेलं आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते घालू नका, ते श्वासातून घेण्यासाठी बनवलेलं नसतं. आणि रोज सकाळी टाकी रिकामी करून पालथी ठेवा. आमच्याकडच्या पावसात कशालाही चार दिवसांत बुरशी धरते.

एक अडचण राहिली ती माझी नव्हतीच. माझी झोप लागल्यावर हिची उडाली.

जुन्या मशीनला एक घरघर होती, गिरणी लांब चालू असावी तशी. नवं जवळजवळ आवाजच करत नाही. रात्री दोन-अडीचला तिचा हात माझ्या छातीवर यायचा. "अहो, चालू आहे ना?" मी मास्कमधून हुंकार द्यायचो. पुन्हा तासाभराने हात. आठवडाभर हे चाललं. एका सकाळी चहा गाळताना ती म्हणाली, "आवाज येत होता तोवर मला कळायचं, तुमचं सगळं ठीक आहे. आता काहीच ऐकू येत नाही. पूर्वी घोरता घोरता गप्प व्हायचात ना, तसं वाटतं."

त्या गप्प होण्याचा अर्थ मी कधी तिच्या बाजूने धरलाच नव्हता. माझ्या रिपोर्टमध्ये तासाला ४७ होते, ते मी झोपेत घालवले. तिने ते एकेक मोजले होते. घोरणं थांबलं की कान लावायचा, पुढचा श्वास येईपर्यंत थांबायचं, आला की पुन्हा कूस बदलायची. लग्नाला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली शेवटची कितीतरी वर्षं ती अशी झोपली असणार आणि सकाळी उठून डबा करत असणार. मला त्या चहासमोर काही बोलता आलं नाही. रात्री मी तिचा हात धरून नळीच्या अस्तरावर ठेवला. श्वास आत-बाहेर होताना नळीतली हवा किंचित बदलते, ते बोटांना कळतं. पलंगावरच्या आमच्या जागा बदलून घेतल्या, म्हणजे नळी तिच्या बाजूने येते. आता छातीवर हात येत नाही. झोपेत तिची बोटं नळीवर असतात.

जुनं मशीन टाकलेलं नाही. आठवड्यातून एकदा चालवून पाहतो. मे महिन्यात नवा इन्व्हर्टर घ्यायचा आहे. पाणी तापवण्यातच सगळ्यात जास्त वीज जाते, ते बंद ठेवलं तर बॅटरी पुष्कळ जास्त वेळ टिकते. दोन्ही मशीनांसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि माळ्यावर रिकामी फळी, एवढी तयारी झाली आहे.

आमच्या शाळेत भूगोल शिकवणारे माझे जुने सहकारी आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी असंच मशीन घेतलं, चार रात्री लावलं आणि "आपल्याला नाही जमत" म्हणून पिशवीत भरून कपाटावर ठेवलं. परवा बाजारात भेटले. भाजी घेताना पिशवी हातात धरून उभ्या उभ्या त्यांचे डोळे मिटत होते. मी विचारलं, दाब किती ठेवला होता? त्यांना माहीत नव्हतं. मशीन देणाऱ्याने काही बदललं होतं का, तेही माहीत नव्हतं. उद्या सकाळी त्यांच्याकडे जाणार आहे. मशीन, मास्क आणि स्लीप स्टडीची फाईल खाली काढून ठेवा, असं फोनवर सांगितलं आहे. त्यांच्या बायकोने फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "सर, दहाला नको, आठलाच या."