बादलीतलं गाणं

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटला मोबाईल दुरुस्तीचं आणि ॲक्सेसरीजचं दुकान चालवून मला चौदा वर्षं होतील. गिऱ्हाईक भांडायला आलं तर काय बोलायचं हे एवढ्या वर्षांत अंगवळणी पडलंय. पण तो पोरगा भांडला नाही. म्हणूनच तो दिवस डोक्यातून जात नाही.

मार्चचा शेवट होता. दुपारी रस्ता ओस पडायला लागला होता आणि आदल्याच दिवशी मी कूलर माळ्यावरून खाली काढला होता. पोरगा पैठणचा, नाथषष्ठीला म्हणून गावी आलेला. घरची मासेमारी, त्यामुळं नाथसागराच्या पाण्यातच लहानाचा मोठा झाला. आता गोव्यात वॉटर स्पोर्ट्सच्या कामावर असतो आणि सुट्टीच्या वेळात विंडसर्फिंग शिकतो. शीड लावलेल्या फळीवर उभं राहायचं, आडवी दांडी हातात धरायची आणि वारा नेईल तसा तोल सांभाळायचा.

त्यानं काउंटरवर इअरबड्सची डबी ठेवली. आत एकच बड.

"काका, एक समुद्रात गेला. हा वाजत नाही. तुम्हीच म्हणलते ना, पाण्याचं काही होत नाही म्हणून."

म्हणलो होतो. दिवाळीच्या गर्दीत खोक्यावरचा आयपीएक्स ७ हा पाण्यापासून बचावाचा शिक्का वाचून मोकळा झालो होतो. कोणतं पाणी, किती जोराचं, काहीच विचारलं नव्हतं.

बड ब्लेडनं उकलला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. चार्जिंगच्या दोन पिनांपैकी एक हिरवी पडून अर्धी झिजली होती. दुसरीच्या मुळाशी मिठाचे कण चिकटलेले, खड्यांसारखे चमकत होते. मी त्याला बघायला लावलं. तो बराच वेळ डोळा लावून उभा राहिला.

"पाण्यातून आल्यावर कुठं ठेवायचास?"

"डबीत. दुसरीकडं कुठं ठेवणार?"

बड मेला तो तिथंच. आयपीएक्स ७ हा शिक्का बडला होता, डबीला नव्हता. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. ओला बड डबीत बसला की चार्जिंग सुरू होतं आणि पिनेचा धातू विरघळायला लागतो. समुद्रानं केलं नसतं तेवढं नुकसान रोज रात्री त्या डबीत होत होतं. धुऊन, कोरडा करून ठेव, एवढं जरी मी दिवाळीत सांगितलं असतं तरी तो आणखी काही महिने वाजला असता.

आणि त्या ७ चा अर्थ तरी काय? १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं बुडवून ठेवलं तर आत पाणी जात नाही. तेही गोड्या, स्थिर पाण्यात. जोराच्या फवाऱ्याची परीक्षा वेगळी असते, ५ आणि ६ ची. ६ च्या परीक्षेत मिनिटाला १०० लिटर पाणी अंगावर मारतात. ७ चा आकडा मोठा दिसतो, पण ७ वाला ६ ची परीक्षा पास झालेला असतोच असं नाही. विंडसर्फिंगवाला वेगात असताना आडवा होतो तेव्हा पाणी कानावर फवाऱ्यासारखं आदळतं. बुडवून ठेवण्याशी त्याचा काही संबंध नाही. हे मला माहीत होतं. विकताना आठवलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मी पैसे परत द्यायला गल्ला उघडला.

"पैसे राहू द्या काका. बरोबरचं द्या."

मग पहिल्यांदा मी त्याला विचारलं की पाण्यावर तू ऐकतोस काय. मला वाटलं होतं गाणी. त्यानं मोबाईल पुढं केला. त्याला शिकवणाऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले अकरा आवाज होते, हिंदीत. "घुटने मोड." "सामने देख, पैरों को मत देख." फळीवर असताना तो हेच पुन्हा पुन्हा ऐकायचा. आणि एकदा कानात बड घट्ट बसलेले असताना मागून येणाऱ्या बोटीची शिट्टी त्याला ऐकूच आली नव्हती. बोटवाल्यानं शेवटच्या क्षणी वळवली. हे तो अगदी सहज सांगून गेला, पण माझ्या पोटात गोळा आला. मी विकलेली वस्तू होती ती.

कान बंद करणारं काही द्यायचं नाही, हे तिथंच ठरलं.

एका जलतरणपटूसाठी मागवलेला शॉक्झ कंपनीचा ओपनस्विम प्रो हेडफोन दुकानात होता. हा कानात जात नाही, कानापुढच्या हाडावर टेकतो आणि हाडातून आवाज पोचवतो. मानेमागून पट्टी असल्यामुळं एक बाजू हरवायचा प्रश्न नाही. आयपी ६८, म्हणजे २ मीटर खोल पाण्यात २ तास. आत ३२ जीबी जागा. पण खोक्यावरचं वाचून द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

ड्रममधून स्टीलची बादली भरली. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आमच्या शहरात बादलीभर पाणी असं वापरताना जिवावर येतं, पण घेतलं. आधी ब्लूटूथवर गाणं लावून मी तो पाण्यात खाली नेला. चार बोटं खाली गेला आणि आवाज तुटला. ब्लूटूथची लहर पाणी शोषून घेतं, त्याला कोणतीच कंपनी काही करू शकत नाही. मग आतल्या मेमरीतलं गाणं लावलं आणि पुन्हा बुडवला. पोरानं बादलीत हात घालून बोटाचं टोक त्यावर टेकवलं.

"वाजतंय," तो म्हणाला. "बोटाला कळतंय."

तो वर उचलून पाण्याला जेमतेम टेकवला तेव्हा पृष्ठभागावर बारीक कापरी वर्तुळं उठली. गाण्याच्या ठेक्याबरोबर ती कमीजास्त होत होती.

मग त्याला कूलरच्या तोंडाशी उभं केलं, कूलर फुल्लवर. ठोकळ आवाज कळत होता, शब्द नीट लागत नव्हते. मी मागून हाक मारली, ती मात्र लगेच ऐकू आली. मी स्पष्ट सांगितलं, जोराच्या वाऱ्यात यातलं काही कळणार नाही आणि कळावं म्हणून कानात बोळे घालायचे नाहीत. हलक्या वाऱ्यात सरावापुरतं वापरायचं. तो म्हणाला, "जोराच्या वाऱ्यात ऐकायला फुरसत कुठं असते."

आणखी एक अडचण निघाली. व्हॉट्सॲपचे आवाज ओपस प्रकारातले असतात, ते यात वाजत नाहीत. अकराच्या अकरा एमपी३ करून त्यात टाकून दिले, आवाज थोडा वाढवून. पैसे तीन हप्त्यांत ठरले, जुन्याचे त्यातून वजा. रोज गोड्या पाण्यानं धुवायचं, पुसायचं, पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगची केबल लावायची नाही, हे त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. संध्याकाळच्या पैठण गाडीनं तो गेला.

तो गेल्यावर काउंटरच्या काचेवरचं 'वॉटरप्रूफ' हे स्टिकर मी नखानं खरवडून काढलं. आता तिथं काही लावलेलं नाही. गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, घाम, पाऊस, हौद की समुद्र.

दहा-बारा दिवसांनी व्हॉट्सॲपवर त्याचा आवाज आला. वाऱ्याची घरघर एवढी की त्याचं बोलणं अर्धंच लागलं. मधेच लांबून कोणीतरी ओरडलं, "सामने देख!" आणि माझ्याशी बोलता बोलता तो तिकडं ओरडला, "हाँ सर!"