वाटण न घालता बुधवारचं मटण

बुधवार, रात्री दहा वाजून गेलेत

आज मटण केलं, जेवलो, भांडी घासली आणि साडेनऊला मी मोकळी. बुधवारी! आमच्या घरात हे होत नसतं, म्हणून लिहून ठेवतेय. आमच्याकडं सांगलीत मटण म्हणजे रविवार, आणि रविवार म्हणजे नवऱ्यानं सकाळी दुकानासमोर रांग लावायची, मी कांदा-खोबरं भाजायचं, तीळ, खसखस, आलं-लसूण-कोथिंबीर, मग वाटण, मग अळणी वेगळं, रस्सा वेगळा, सुकं वेगळं, जेवून उठेपर्यंत तीन वाजलेले आणि अंगात त्राण नाही. आठवड्यात म्हणाल तर सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार औदुंबरच्या दत्ताचा, शनिवार मारुतीचा. राहिला बुधवार आणि शुक्रवार, आणि ऑफिसातनं सातला घरी आल्यावर वाटण घालायची ताकद कुणात असते हो. मग काय, अंडाकरी.

धाकटी बहीण अमेरिकेत असते, तिचं कधीपासनं चाललेलं की ताई हे करून बघ, इकडं नोकरीवाल्या घरात एकदम ठरलेला प्रकार आहे. बीफचा खिमा, सोया सॉस, ब्राऊन शुगर, आलं, लसूण, तिळाचं तेल, वरनं कांद्याची पात, खाली गरम भात, वीस मिनिटांत ताट. मूळ कल्पना कोरियातल्या बुलगोगीची, त्यात मांसाचे पातळ काप असल्याच सॉसमध्ये मुरवून भाजतात, आणि काप करायचा, मुरवायचा वेळ वाचवायला खिमा. जपानात पण सोबोरो म्हणून असंच काहीतरी भातावर घालून खातात, ते बऱ्याचदा कोंबडीच्या खिम्याचं.

बीफचा आपल्याकडं प्रश्नच नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आमच्या चुलीवर ते चढलं नसतं. गंमत म्हणजे जपानात पण कित्येक शतकं बहुतेक लोक असलं मांस खात नव्हते, १८७२ साली त्यांच्या मेइजी सम्राटानं स्वतः गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि मग हळूहळू लोकांची भीड चेपली. असो, आपला बोकड बरा.

पण बोकड घेतला की सगळा हिशोबच बदलतो, हे बहिणीला कुठं माहिती. तिकडच्या खिम्याच्या पाकिटावर लिहिलेलंच असतं, ८० टक्के मांस २० टक्के चरबी, त्यामुळं तो स्वतःच्याच चरबीत परततो आणि मऊ राहतो. आपलं मटण चिवट, चरबी कमी. म्हणून दुकानात सांगितलं की मांडीचं अर्धा किलो द्या, थोडी चरबी राहू द्या, आणि आधी धुवून निथळून मग मशीनमधनं दोनदा काढा. हे धुण्याचं महत्त्वाचं आहे, कारण खिमा घरी आणून धुतला की तो पाणी धरून बसतो, आणि पाणी असेपर्यंत कढईतली उष्णता १०० अंशाच्या वर जात नाही, खिमा नुसता उकडतो, फिका पडतो. तांबूस रंग आणि तो भाजका वास यायला १४० च्या पुढं जावं लागतं. लोखंडी कढई चांगली तापवायची, थोडं तेल, खिमा पसरायचा आणि मग हात आवरायचा, सारखं हलवायचं नाही. आधी रटरट आवाज येतो, पाणी आटलं की तो चरचर होतो, तेव्हा उलथायचं.

बीफ एवढ्यात झालं असतं. मटणाला मात्र अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवून बारा-पंधरा मिनिटं द्यावीच लागतात, मग झाकण काढून परत आटवायचं. खिम्यात मांसावरचे बाहेरचे जंतू आत मिसळलेले असतात, त्यामुळं कच्चट गुलाबी ठेवायचा नादच नको. तिची वीस मिनिटं माझ्याकडं पस्तीस झाली. तरी वाटणापेक्षा कितीतरी बरं.

आलं माहेरचं, कोरेगावकडचं, सातारी आल्याचा झटका काही औरच. लसूण आठ-दहा पाकळ्या ठेचून. ब्राऊन शुगर म्हणजे साखरेत मळी राखलेली नाहीतर परत मिसळलेली, आता उसाच्या जिल्ह्यात राहून ती विकत कशाला आणायची, दोन चमचे काकवी घातली आणि वर चमचाभर व्हिनेगर. सोया सॉस पोरांच्या नूडल्ससाठी घरात असतोच, तो तीन मोठे चमचे, आणि मीठ अजिबात नाही, त्यात मीठ ठासून भरलेलं असतं. (वाळवा-पलूसकडं पावसाळ्यात रानंच्या रानं सोयाबीन, आपण त्याचं तेल काढतो आणि पेंड कोंबड्यांना घालतो. जपानकडं तेच गव्हाबरोबर बुरशी लावून महिनोन्महिने मिठाच्या पाण्यात मुरवतात आणि आपण बाटली विकत आणतो.) तिळाच्या तेलाचं एक, तिकडचं भाजलेल्या तिळाचं असतं, गडद, वासाचं. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नसतो. म्हणून तीळ खरपूस भाजून खलबत्त्यात जाडसर कुटले आणि गॅस बंद केल्यावर घातले. सोबत संकेश्वरी मिरची चुरडून, आणि ढीगभर कांद्याची पात.

भात इंद्रायणीचा. हे माझं डोकं हां, बहिणीनं बासमती सांगितलेला. पण ह्या असल्या पदार्थाला भात चिकटच पाहिजे, घासात खिमा धरून राहतो. बासमतीवर तो ओघळून ताटलीच्या कडेला जातो.

सासूबाई कढईत डोकावून म्हणाल्या, "हे कालवण हाय का भाजी? रस्सा कुठाय?" म्हटलं आई, ह्याला रस्सा नसतो. त्यांनी भाताकडं बघितलं पण नाही, भाकरीबरोबर खाल्लं, दोनदा घेतलं, वर म्हणाल्या गोडूस लागतंय पण चांगलं झालंय, पुढच्या वेळी चमचाभर आपला कांदा-लसूण मसाला टाक. मी हो म्हटलं पण टाकणार नाही. मसाला टाकला की तो आपला खिमा होतो, आपला खिमा झाला की कुणीतरी म्हणणार थोडं वाटण असतं तर, आणि वाटण आलं की रस्सा आलाच, आणि मी पुन्हा रविवारात. मला तो डबा बुधवारी फडताळातच राहिलेला पाहिजे.

उद्या गुरुवार, त्यामुळं उरलेलं फ्रीजमध्ये ठेवायची सोय नाही, नवऱ्यानं शेवटचा भात कढईतच कालवून खाल्ला. लेकीला डब्यात चपातीचा रोल पाहिजे होता, तिला शुक्रवारचं आश्वासन दिलंय. शुक्रवारी कोंबडीच्या खिम्याचं बघते, त्याला झाकण ठेवायची पण गरज नाही पडायची, फक्त पाणी जास्त सुटेल, मोठी कढई काढावी लागेल. पात संपलीय, परवा येताना शंभर फुटी रस्त्यावरनं घ्यायची.