सिरिंज बदलली आणि बीपी पडलं

अकरा वर्षं आयसीयूत काढलीत, हजारो ओव्हर (शिफ्ट बदलताना पेशंटची सगळी माहिती घेणं) घेतल्या असतील, पण ती एक सकाळ डोक्यातून जात नाही. नाईटची सिस्टर पार दमलेली, बेड 4 च्या आजोबांना सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनने अवयव ढासळू लागलेले, व्हेंटिलेटरवर, नॉरअ‍ॅड (बीपी टिकवायचं औषध) सिरिंज पंपावर चालू. कागदावर एवढंच, 'नॉरअ‍ॅड 5 एमएल/तास'.

साडेनऊला सिरिंज संपत आली म्हणून मी नेहमीसारखं 50 एमएलमध्ये 4 मिलिग्रॅम भरलं, रेट तोच ठेवला. वीसेक मिनिटांत मीन (सरासरी) बीपी 70 वरून 48! सर धावत आले, सगळे लाइन तपासतायत, आणि मला काय सुचलं देव जाणे, मी कचऱ्याच्या डब्यातून जुनी सिरिंज काढली. स्पिरिटने लेबलवरची शाई पसरलेली, तरी आकडा दिसत होता, 8 मिलिग्रॅम. रात्री दोनला डबल स्ट्रेंग्थ केलेली, म्हणजे मी आजोबांना निम्माच डोस देत होते. रेट 10 केला, बीपी हळूहळू वर आलं. आजोबा नंतर वॉर्डात गेले, पण माझे हात दुपारपर्यंत थरथरत होते.

कॉम्प्युटरवर ओव्हरचा फॉर्म तेव्हाही होता हो, पण तो काउंटरवर, आणि मागच्या शिफ्टचा मजकूर जसाच्या तसा पुढे यायचा. मग आयटीचा मुलगा दोन शिफ्ट आमच्यासोबत बेडजवळ उभा राहिला, आणि तिथेच खरा फरक पडला. आता टॅब बेडपाशी असतो, लॅब रिपोर्ट, कल्चर (जंतूंची तपासणी) आपोआप येतात, पण ड्रिपचे रकाने मात्र दर शिफ्टला रिकामे! ओव्हर घेणारीने सिरिंज आणि पंप बघून मिलिग्रॅम, एमएल, रेट स्वतः भरायचं, खाली प्रति किलो डोस निघतो, मागच्या शिफ्टशी जुळला नाही तर ओळ लाल. सुरुवातीला मीच कुरकुर केली होती की टायपिंग वाढलं. पण अमेरिका-कॅनडातल्या 9 हॉस्पिटलांच्या आय-पास या ओव्हर द्यायच्या ठरावीक पद्धतीच्या 2014 च्या अभ्यासातही ओव्हर घेणाऱ्याने ऐकलेलं परत बोलून दाखवायचं असतं, आणि तिथे चुका 23 टक्क्यांनी कमी झाल्या.

परवा सकाळी बेड 2 ची ओळ लाल झाली, आम्ही दोघी एकदमच पंपाकडे वळलो, नाईटची म्हणाली, "अगं हो, पाचला बदललंय, सांगायचंच राहिलं."

नातेवाइकांना काय सांगितलंय याचा रकाना अजून नाहीये, तो मी मागितलाय.