बाळंतपणानंतरची शुगर टेस्ट राहू देऊ नका गं

सव्वीसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घोळून प्यायली, दोन तासांनी रक्त दिलं आणि रिपोर्ट आला १६८. १४० किंवा वर गेलं की प्रेग्नन्सीतली शुगर धरतात. घरी आल्यावर पहिलं ऐकलं ते, "गोड खूप खात होती ना, म्हणून." त्या रात्री मी खूप रडली. नंतर डॉक्टरांनी नीट समजावलं की वारेतून जे हार्मोन येतात ते इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, काहींचं शरीर जास्त इन्सुलिन बनवून निभावून नेतं, काहींचं नाही. यात आईचा गुन्हा नाही, हे घरच्यांना कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे.

मग वही आली. उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली. तर्रीपोहे खाल्ले तर १५८, मुगाचं धिरडं खाल्लं तर ११२, असं बोट टोचून टोचूनच कळलं. दोन्ही वेळचा भात गेला, ज्वारीची भाकरी आणि झुणका आला, आमरसाच्या दिवसात दोन चमचे ताटात घेऊन उठायची. एप्रिल-मेमध्ये नागपुरात बाहेर चालायची सोयच नाही, म्हणून जेवण झालं की कूलरपासून स्वयंपाकघरापर्यंत पंधरा मिनिटं फेऱ्या.

एवढं करूनही सकाळची शुगर १०२, १०५ च येऊन राहिली होती, म्हणून रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. पहिल्या रात्री पेन हातात धरून किती वेळ बसली होती, मांडीची चिमूट धरायची, सोडायची, परत धरायची. सासूबाई बाजूला येऊन बसल्या, म्हणाल्या, "लेकरासाठी आहे ना, घे बाई." घेतलं. एवढीशी सुई, कळलंही नाही.

जुलैत लेक झाली. पोटात असताना आईच्या वाढलेल्या शुगरमुळे बाळ स्वतः जास्त इन्सुलिन बनवतं आणि नाळ कापल्यावर बाळाची शुगर एकदम उतरू शकते, म्हणून तिच्या इवल्याशा टाचेतून तीनदा रक्त घेतलं. लगेच अंगावर पाजलं, सगळं ठीक निघालं. माझं इन्सुलिन बंद झालं, माहेरून डिंकाच्या लाडवांचा डबा आला आणि माझी शुगर सगळे विसरले, मी सुद्धा! डिस्चार्ज कार्डावर टाके, लोह, कॅल्शियम सगळं होतं, शुगरची एक ओळ नव्हती. याचा मला अजूनही राग येतो.

नणंद नर्स आहे, तिनेच फोनवर विचारलं, "वहिनी, सहा आठवड्यांची टेस्ट केली का?" तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी गेली, लेक आईजवळ घरी, लॅबच्या बाकावर दोन तास, दुधाने ओढणी भिजलेली. उपाशीपोटी ९७, ग्लुकोजनंतर १५४. म्हणजे डायबेटिस नाही, पण नॉर्मलही नाही, मधलं. टेस्ट केली नसती तर हे कळलंच नसतं आणि मी रोज दोन लाडू खात राहिली असती. आता आईने डिंक-खोबऱ्याचे सुपारीएवढे वळून दिलेत, गूळ अगदी नावाला, आणि दरवर्षी शुगर तपासायची असं ठरलं आहे.

तुम्हाला प्रेग्नन्सीत शुगर होती आणि बाळ दीड महिन्याचं झालं असेल तर, कार्डावर लिहिलेलं असो नसो, डॉक्टरांना स्वतःहून विचारा. जास्त दिवस होऊन गेले असतील तरी जा. रिकाम्या पोटी जायचं असतं, बाळाला पाजून निघा, सोबत कोणीतरी घ्या.