आधी ओटीपी की आधी गिझर?

खेड्यात राहून गॅस गिझर घ्यायचा असेल तर पैसे मोजण्याआधी कंपनीला एक फोन करा आणि तुमचा पिनकोड त्यांच्या सर्व्हिस सेंटरच्या यादीत आहे का, एवढंच विचारा. दुकानदार "सगळीकडे सर्व्हिस आहे" असंच सांगतो. त्याचा संबंध बिल फाडेपर्यंत. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, सर्व्हिस सेंटर अमरावतीला, आणि या दोहोंच्या मध्ये माझा अख्खा हिवाळा गेला.

गिझर हवा होता आईसाठी. बंबात कपाशीच्या पऱ्हाट्या घालून पाणी तापायचं, त्या धुरानं तिचा खोकला वाढला. विजेचा घ्यावा तर पहाटे लाइट असेलच याचा भरवसा नाही. म्हणून सहा लिटरचा गॅसवाला घेतला. यंत्रावरच्या पट्टीवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५५५८ हा गॅस गिझरच्या मानकाचा आकडा पाहूनच घेतला, तुम्हीही पाहा.

गावातल्या प्लंबरनं ड्रिल काढलं ते थेट बाथरूममध्ये. मी म्हटलं, बाहेर छपरीत लावायचा.

"काहून? साऱ्यायचे आतच आहेत बावा. गॅसचा वास आला का बंद करून देजा."

हा वासाचा मुद्दा आमच्याकडे जो तो सांगतो, आणि घात तिथेच आहे. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. पण बंद बाथरूममध्ये माणसाचा जीव जातो तो बहुतेक वेळा गळतीनं नाही. गिझरची ज्योत खोलीतली हवा ओढते. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, आणि दाराला आतून कडी! एकामागून एक आंघोळी झाल्या की शेवटच्याच्या वाट्याला सगळ्यात खराब हवा येते. आमच्याकडे शेवटची आंघोळ आईची. हे सांगितल्यावर प्लंबर "बरं" एवढंच म्हणाला आणि ड्रिल उचलून छपरीत गेला. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप टाकायला लावला, कारण साधा पीव्हीसी नरम पडतो.

गॅस एजन्सीचं काम मला वाटलं होतं रखडेल, ते सरळ झालं. मेकॅनिकनं तांब्याची पाइप टाकली, शेगडीला वेगळा कॉक, गिझरला वेगळा. शेगडीच्या रबरी नळीला टी लावून गिझर जोडायचा देशी उपाय त्यानंच मोडीत काढला. पावती घेतली. संपलं.

आता खरं दुखणं. वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरात होतं की कंपनीच्या अधिकृत माणसानं बसवला तरच वॉरंटी लागू. म्हणजे भिंतीत खुंट्या तयार, पाइप तयार, गॅसची लाइन तयार आणि गिझर खोक्यात. टोल-फ्री नंबरवर नोंदणी केली. लगेच मेसेज आला, ४८ तासांत तंत्रज्ञ येईल.

तंत्रज्ञाऐवजी त्याचा फोन आला. "सर, ओटीपी आला असंन, तेवढा सांगून देजा. मंग मी उद्या निंघतो."

ओटीपी म्हणजे काम झाल्याची आपली सही. मेसेजमध्येच लिहिलं होतं, काम पूर्ण झाल्यावरच सांगा. मी तो मेसेज त्याला वाचून दाखवला.

"ते त लिहेलच राह्यते सर."

मी म्हटलं, तुम्ही या, पाणी तापवून दाखवा, ओटीपी तोंडपाठ करून ठेवतो. तो "पाह्यतो" म्हणाला. त्या दिवशी वावरात तुरीची सोंगणी चालू होती, ती दुसऱ्यावर सोपवून मी घरी थांबलो. संध्याकाळी मेसेज आला: आपली विनंती बंद करण्यात आली आहे, कारण, ग्राहक उपलब्ध नाही. मी दारातच बसलेलो!

परत फोन, परत विनंतीचा नवा नंबर, परत तोच आवाज आणि तीच मागणी. मी नाही म्हटलं की विनंती बंद. मग एकदा कळवलं की तुमचं गाव अकोल्याकडे येतं. अकोल्याला फोन केला तर ते म्हणे दर्यापूर अमरावती जिल्ह्यात, तिकडेच बोला. जिल्हा कोणता हे मला माहीत आहे हो, तुमचा माणूस कोणता ते सांगा! मग शहराबाहेर यायचे जास्तीचे पैसे मागितले. देतो म्हटलं, पावती द्या. पावती मिळत नाही म्हणाले.

तोवर गावात ज्याला त्याला आमचा खोका माहीत झाला. "लागला का?" हा रामरामाच्या जागचा प्रश्न. शेजारच्या काकांनी तर पाना आणून ठेवला, "दोन नटायचं काम आहे, मी लावून देतो." मोह झाला, खोटं का बोलू. पण उद्या आतली पाणी तापवणारी कॉइल फुटली की हीच कंपनी त्या दोन नटांवर बोट ठेवणार होती.

शेवटी अमरावती गाठली. काउंटरवरच्या मुलीनं संगणक माझ्याकडे वळवला. माझ्या सगळ्या विनंत्या ओळीनं, प्रत्येकीपुढे हिरव्या चौकोनात 'क्लोज्ड'. "सर, सिस्टीममध्ये तर काही पेंडिंगच दिसत नाही." मी म्हटलं, ताई, गिझर खोक्यात आहे. ती म्हणाली, मग नवीन विनंती टाका.

बसस्टँडवर परत येता येता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावला. बिलाचा फोटो, विनंत्यांचे नंबर आणि 'ग्राहक उपलब्ध नाही'चा स्क्रीनशॉट एवढ्यावर तक्रार घेतली गेली. असे मेसेज रागानं डिलीट करू नका, ऐनवेळी तेच कामी येतात. त्यानंतर कंपनीच्या वरच्या कचेरीतून फार गोड आवाजात फोन आला.

आणि तो आला. तोंडाला दुपट्टा बांधून, मोटरसायकलवर, थंडीनं बोटं लाल झालेला पोरगा. चहा पिताना म्हणाला, बंद केलेल्या कॉलवर पैसे मिळतात, गावखेड्याचा एक कॉल केला तर पेट्रोल निघत नाही. त्याच्यावरचा माझा राग तिथे ओसरला. सेंटरवरचा नाही.

काम त्यानं नेटकं केलं. वाटीत साबणाचा फेस केला, ब्रशनं प्रत्येक जोडावर लावला आणि बुडबुडा येतो का ते वाकून पाहत बसला. गळती बघायला काडी ओढणारे आमच्याकडे अजून आहेत. मग नळ सोडला. ठिणगीची टकटक झाली आणि काचेच्या झरोक्यात निळी ज्योत दिसली. "पिवळी दिसली का बंद करजा अन् फोन करजा."

"कोणाला, तुम्हाला?"

तो हसला. बादलीतून वाफ निघाल्यावर मी ओटीपी एकेक आकडा थांबून थांबून सांगितला. तेवढी मजा माझी. वॉरंटी कार्डावर तारीख, सही, शिक्का समोरच घेतला.

राहिलेलं आठवेल तसं लिहितो. आमचा खारपाण पट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. बोअरचं पाणी गिझरला जोडू नका, कॉइलमध्ये क्षार बसून ती चोंदते. मी शहानूर धरणाच्या नळाचं पाणी जोडलंय. टाकी गिझरपेक्षा चांगली उंच हवी, पाण्याचा दाब कमी पडला की तो पेटतच नाही. टकटक मंदावली की ठिणगीच्या दोन्ही बॅटऱ्या बदला. गॅसची नारंगी सुरक्षा नळी दीड मीटरहून लांब नको, भिंतीतून न्यायची नाही, पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडर उभाच आणि खड्ड्यात नको, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. गळतीचा संशय आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, लाइटच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन १९०६ लावायचा. तो चोवीस तास चालतो.

आणि दुकानातलं बिल त्या गुळगुळीत थर्मल कागदावर असेल तर आजच झेरॉक्स काढा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो कागद कोरा होतो, आणि १९१५वाल्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा मागितलं ते बिलच.