आमची वाटचाल: जुन्या पिकअपचा भाव पत्र्यावर आणि कागदावर

सोलापुरात जुन्या गाड्यांची दुरुस्ती करता करता आमची फर्म त्यांची किंमत ठरवून देण्याच्या कामात आली. सुरुवातीला गाडीभोवती चक्कर मारून आकडा सांगायची पद्धत होती. ती आम्ही सोडली, कारण तोंडी आकडा विकणाऱ्याला कमी वाटतो आणि घेणाऱ्याला जास्त. आता प्रत्येक गाडीचा लेखी तक्ता होतो आणि एकच प्रत दोघांच्या हातात जाते.

तक्त्याची सुरुवात आरसी बुकापासून. चेसिस आणि इंजिनचे नंबर गाडीवरच, वायर ब्रशने गंज झाडून वाचायचे आणि मग बुकाशी ताडायचे. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार विंटेज नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली हवीत, वापर खासगी हवा आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात आणि ती 10 वर्षं चालते. पिकअप अडते ती इथेच, कारण बऱ्याच गाड्यांची नोंद मालवाहतुकीची असते. ‘मालक, गाडी पन्नास वर्षांची आहे’ एवढ्यावर भाव चढत नाही. बुकातला वर्ग आधी बघावा लागतो.

दुसरी अडचण डिझेलची. महिंद्राच्या पेट्रोल गाड्यांत पुढे डिझेल इंजिनं बसली. शेतावर ती सोयीची होती, पण अशी गाडी आम्ही संग्राहकाच्या भावाने कधीच धरत नाही. मूळ पेट्रोल इंजिन शेडच्या कोपऱ्यात पडलेलं असेल तर भंगारात घालू नका. ते सोबत दिलं तर किंमत खरोखर वाढते.

सालाची खातरजमा पत्र्यावरून होते. शेवरले 3100 ही जुनी अमेरिकन पिकअप घ्या: दारात पुढची तिकोनी काच 1951 पासून आली, दाराच्या कडीला दाबायचं बटण 1952 पासून, एकसंध पुढची काच 1954 पासून. बुकात 1949 आणि दारात तिकोनी काच असेल, तर दार किंवा सगळी केबिन बदललेली आहे. इंजिनाच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीखही असते: महिन्याचं अक्षर, मग दिवस, शेवटी सालाचा एकच आकडा. जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी. ‘सी 14 2’ म्हणजे 14 मार्च 1952. ही तारीख गाडीच्या सालानंतरची निघाली, तर इंजिन दुसरीकडचं.

आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्या गाडीइतका पत्रा खात नाही. तरी केबिनचे कोपरे, पायाखालचा पत्रा आणि हौद्याची पुढची कड यांवर पातळ कापड गुंडाळलेलं चुंबक फिरवतो. ते धरत नसेल तर आत पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. ऊस-खडी वाहिलेल्या गाडीत मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) ब्रॅकेट जिथे चेसिसला बसतात, तिथे तडा जातो. वरून पट्टी मारून रंग दिलेला असतो, पण वेल्डिंगची फुगीर रेघ बोटाला लागते. चांगल्या रंगाखाली असा चेसिस सापडला तर आम्ही रंगाचा एक रुपयाही धरत नाही.

इंजिन गरम करून सगळे प्लग काढायचे आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, घ्यायचं. सिलिंडरांतला फरक 10 पीएसआयच्या आत असावा. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा: दाब वाढला तर रिंग गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट. जीपच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतो, म्हणून एक्झॉस्टची सीट जळली असेल तर नुसतं हेड उतरवून भागत नाही. शेवरलेच्या 216 इंजिनात कनेक्टिंग रॉडला ओतीव बॅबिट, म्हणजे मऊ मिश्रधातूचं बेअरिंग, असतं. तिथून ठोक येत असेल तर खर्च मोठा धरा, ते ओतणारे कारागीर फार थोडे उरलेत. बोअरवेलच्या पाण्याने ब्लॉकमध्ये क्षार साचून गाडी तापते, तेही बघावं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने पंपाचा जुना रबरी पडदा खराब होतो. तो खर्च किरकोळ.

आता हिशोब. समजा, तसंच मॉडेल नीट उभं केलेल्या अवस्थेत 7,00,000 ला विकलं गेलं. इथे झालेला सौदाच धरायचा, मागितलेला आकडा नाही. आपल्या गाडीला पत्रा-रंग 1,40,000, इंजिन 90,000, टायर-ट्यूब 35,000, ब्रेक 25,000, वायरिंग 20,000, असे 3,10,000 लागतील. गाडी उघडल्यावर आणखी काम निघतंच, त्यासाठी 20 टक्के म्हणजे 62,000. घेणाऱ्याचे अडकलेले पैसे आणि वेळ यांचे 70,000. उरले 2,58,000. त्यावर घासाघिशीसाठी आठेक टक्के ठेवून 2,80,000 मागायचे.

तयार गाडीला याच रस्त्याने उलटं जाता येत नाही. पाच लाखांची बिलं जोडली म्हणून किंमत पाच लाखांनी वाढत नाही, आणि हे सांगताना आम्हालाही जड जातं, कारण त्या बिलांत माणसाचा जीव असतो.

दीड महिन्यात कोणी इसार दिला नाही तर आकडा पुन्हा तपासतो. इसार घेताना पावतीवर दोन्ही नंबर लिहितो, मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतो आणि बुकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरेपर्यंत किल्ली देत नाही.