मधली रेघ

२ फेब्रुवारी २०२५ ला, अमेरिकेतल्या आमच्या आयोवा सिटीत बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कची २२ नंबरची जर्सी अरेनाच्या छताखाली कायमची टांगली. आता विद्यापीठाच्या मुलींच्या संघात तो नंबर कुणालाच मिळणार नाही. तिकीट मिळणं शक्य नव्हतं, म्हणून शेजारच्या आजींकडे बसून टीव्हीवर पाहिलं. आजी पंच्याहत्तरीच्या, शेतकरी घरातल्या, मोजकं बोलणाऱ्या. जर्सी वर गेली आणि त्यांना रडू आवरेना. मी नुसती त्यांचा हात धरून बसले.

मग कॉफी पिताना सांगायला लागल्या. शाळेत त्याही बास्केटबॉल खेळायच्या, पण तेव्हा आयोवात मुलींचा खेळच निराळा होता. संघात सहा जणी. तिघींनी फक्त बास्केट करायचे, तिघींनी फक्त अडवायचं आणि मधली रेघ कुणीच ओलांडायची नाही. चेंडू दोनदा आपटला की पास द्यायचा. पूर्ण मैदान धावणं मुलींना झेपणार नाही, असं धरूनच चालत. आजी अडवणाऱ्यांतल्या. चार वर्षं खेळल्या, एकाही सामन्यात त्यांनी बास्केटवर नेम धरला नाही. तरी राज्य स्पर्धेला डे मॉइनचं सभागृह खच्चून भरायचं, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. हा सहा जणींचा खेळ १९९३ मध्ये बंद झाला.

केटलिनचा जन्म २००२ चा, त्याच डे मॉइनमधला. आणि तिची ओळख कशामुळे? जिथून दुसरी कुणी प्रयत्नही करणार नाही, अशा लांबून, मधल्या रेघेच्या जवळून मारलेल्या थ्री-पॉइंटरमुळे, म्हणजे तीन गुणांच्या बास्केटमुळे! १५ फेब्रुवारी २०२४ ला मिशिगनविरुद्ध तसाच एक मारून तिने एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या महिला बास्केटबॉलमधला ३,५२७ गुणांचा विक्रम मोडला आणि त्या सामन्यात ४९ गुण केले. पुढे पुरुषांमधला पीट मॅराविचचा ३,६६७ चा आकडाही ओलांडला. त्याने तो तीनच हंगामांत आणि थ्री-पॉइंटचा नियम नसताना गाठला होता, हे इथले जुने लोक आठवणीने सांगतात, आणि ते बरोबरच आहे. केटलिन थांबली ३,९५१ वर. विजेतेपद मात्र हुकलं, २०२३ आणि २०२४ असे लागोपाठ दोन अंतिम सामने हरली.

पण मला आकड्यांपेक्षा १५ ऑक्टोबर २०२३ आठवतो. फुटबॉलच्या किनिक स्टेडियममध्ये, उघड्यावर, बोचऱ्या वाऱ्यात, केटलिनच्या संघाच्या एका सराव सामन्याला ५५,६४६ माणसं! मी त्यांतली एक. बाबालोक मुलांना खांद्यावर घेऊन आले होते, आणि नुसत्या मुलींना नाही, मुलग्यांनाही. सगळ्यांच्या पाठीवर २२.

मी सांगलीची. स्मृती मानधना आमच्या गावची, हे इथे भेटेल त्याला अभिमानाने सांगते. पण २०१३ मध्ये तिने महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालच्या संघाकडून एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ केल्या, तेव्हा मी सांगलीतच होते आणि मला ते दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. आता चित्र बदललंय, माहीत आहे. उगाच आपल्या लोकांना नावं ठेवायची नाहीत मला. पण तो दिवस मनात सलतो.

मी स्वतः बास्केटबॉल अकरावीपर्यंत खेळले. कुणी सोडायला लावला नाही. घरात एकच पगार, पाठची बहीण, बारावीचं वर्ष. इंजिनियरिंग केलं ते योग्यच केलं. त्याच्याच जोरावर आज लेक इथल्या शाळेच्या संघात खेळते. आणि व्यावसायिक संघात पहिल्या क्रमांकावर निवड होऊनही केटलिनचा पहिल्या वर्षाचा पगार होता ७६,५३५ डॉलर. जाहिरातींचे पैसे वेगळे, पण प्रत्येकीला थोड्याच जाहिराती मिळतात?

रात्री आईला फोन केला. आजींचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "तुझे ते बूट अजून माळ्यावर आहेत गं. दिवाळीत काढून टाकणार होते."

"राहू देत," म्हटलं.